नाका प्रकल्पाच्या नोंदी : कोपरखैरणे, मे ते जुलै २०२५

१२ मे, सोमवार

पाचही जण वेळेवर आले, म्हणजे अकराचे सव्वाअकराला. तीन मुली, दोन मुलगे. तिघं समाजशास्त्राचे, एक अर्थशास्त्राची, एक राज्यशास्त्राचा. चार क्रेडिटची इंटर्नशिप, म्हणजे १२० तास आणि शेवटी माझी सही. पहिला प्रश्न ठरलेलाच : "मॅडम, येण्याजाण्याचा वेळ तासांत धरणार का?" नाही धरणार.

फील्डच्या कागदावर कुणाचंही नाव लिहायचं नाही हा नियम मुलांना घातला, तेव्हा तो मलाही लागू. इथून पुढे ज्याच्या त्याच्या स्टेशनावरून ओळख : कळव्याचा, दिव्याची, ऐरोलीची, घणसोलीचा, पनवेलची.

विषय समजावला. नाका कामगार. सकाळी रस्त्याच्या कडेला उभं राहून रोज मिळवणारे बिगारी, गवंडी, लादीवाले, रंगारी. त्यांना आठवड्यात किती दिवस काम लागतं, कोणामार्फत लागतं, आणि बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे त्यांची नोंदणी आहे का. १९९६चा केंद्राचा कायदा, त्याच वर्षीचा उपकराचा कायदा, बांधकामाच्या खर्चावर किमान एक टक्का उपकर, त्यातून कामगारांसाठी योजना. नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. इथे कळव्याचा मधेच म्हणाला, "पण नाक्यावरच्या माणसाचा मालक तर रोज बदलतो. ९० दिवसांचा दाखला देणार कोण?"

पहिल्याच दिवशी हे विचारणारा मुलगा मिळाला. बरं वाटलं, आणि थोडी काळजीही वाटली. अशी मुलं तिसऱ्या आठवड्यात कंटाळतात.

वाचायला काही दिलं नाही. दोन दिवस नुसतं नाक्यावर उभं राहा, हातात कागद नको, असं सांगितलं.

१४ मे, बुधवार

कोपरखैरणे. सकाळी ६.५०ला स्टेशनाबाहेर जमलो. सातला नाक्यावर पन्नासेक माणसं, साडेसातला मोजता येईनात इतकी. ठाणे-बेलापूर पट्ट्याच्या वस्त्यांतून चालत आलेली. हातात पिशवी, पिशवीत डबा, गवंड्यांच्या पिशवीतून बाहेर डोकावणारी थापी. बिगारी बायका कडेला, वेगळ्या. मराठवाड्याची मराठी, विजापूरकडची कन्नड, तांड्यांवरच्या बायकांची गोरमाटी, आणि सगळ्यांवर पसरलेली नाक्याची हिंदी.

मुलांना जे दिसेल असं वाटलं होतं ते दिसलं नाही. त्यांना रांग दिसेल असं वाटलं असावं. नाक्यावर रांग नसते. मोटारसायकल थांबते, खाली न उतरताच माणूस विचारतो, "दोन बिगारी, स्लॅबचं भरायचंय." पाच-सहा जण घेरतात. भाव होतो, कुणी मान हलवतो, कुणी परत येऊन भिंतीला टेकतो. सगळं मिनिटभरात. साडेदहापर्यंत नाका रिकामा. ज्याला काम लागलं तो गेला, ज्याला नाही लागलं तोही गेला, आणि कुणाचं काय झालं हे लांबून बघणाऱ्याला कळत नाही.

दोन चुका आजच उघड झाल्या. पहिली : गळ्यात कॉलेजची पट्टी. "पेटीवाले आले का?" असं तीन जणांनी विचारलं. पेटी म्हणजे मंडळाकडून नोंदणीकृत कामगाराला मिळणारा सुरक्षा संच. त्यामागोमाग "भांडी कधी?" हेही आलं, म्हणजे मंडळाच्याच भांड्यांच्या संचाबद्दल. उद्यापासून ओळखपत्र खिशात, विचारलं तरच काढायचं.

दुसरी चूक माझी. पाच जणांना एकाच जागी उभं केलं. आम्हीच एक छोटा नाका झालो. एका शेठने गाडी थांबवून घणसोलीच्याला विचारलं, "काय घेणार?" पोरगा गोरामोरा झाला. नंतर दिवसभर बाकीचे त्याला शेठच्याच आवाजात तेच विचारत होते.

१५ मे, गुरुवार

फील्ड डायऱ्या वाचल्या. दिव्याचीने चार पानं लिहिली आहेत, त्यात "बिचारे" सात वेळा आणि "केविलवाण्या नजरेने" दोन वेळा. तिला म्हटलं, नजरेतलं केविलवाणेपण तुला कुठून दिसलं ते लिही. किती फुटांवरून, किती वाजता, तो माणूस तेव्हा काय करत होता. जागा आणि वेळ नेमकी नसेल तर ती नोंद नव्हे, मत झालं. गप्प बसली. मग म्हणाली, "तो माणूस फोनवर बोलत होता, मॅडम. मला वाटलं रडतोय."

घणसोलीच्याच्या डायरीत एकच पान, पण एक वाक्य वादाचं : "या लोकांत एकी नाही म्हणून यांची ही अवस्था." याचे वडील माथाडी, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात. आजोबा त्याच्या आधी मशीद बंदरला. घर माथाडी वसाहतीत. त्याला एकी म्हणजे काय ते घरबसल्या माहीत आहे, आणि म्हणूनच ती इथे का नाही हे दिसत नाही.

तासभर त्यावर गेला. अण्णासाहेब पाटलांची चळवळ आणि १९६९चा माथाडी कायदा. माथाडीलाही एक मालक नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या. पण टोळी नोंदलेली असते, गाळेवाला मजुरी आणि वर लेव्ही (मजुरीवरची ठरलेली टक्केवारी) मंडळात भरतो, मंडळ कामगाराला पगार देतं आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी निघते. म्हणजे मालक रोज बदलतो म्हणून काहीच करता येत नाही हे खरं नाही. एका धंद्यात ते करून झालं आहे, आणि तेही या नाक्यापासून रिक्षाच्या अंतरावर. फरक कुठे आहे? पनवेलची म्हणाली, मार्केटला गेट आहे. माल गेटमधून येतो, त्याची नोंद होते. नाक्याला गेट कुठाय?

मी पंधरा वर्षं हे दोन कायदे शेजारी ठेवून शिकवते आहे. गेटचं माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

१९ मे, सोमवार

प्रश्नावलीची चाचणी. दोन पानं, २६ प्रश्न, मीच केलेली. साडेनऊपर्यंत तिचा निकाल लागला.

प्रश्न ७ : महिन्याचं उत्पन्न किती? नाक्यावर महिना नसतोच. "रोज लागला तर रोज, नाही तर खाडा," असं एकाने ऐरोलीचीला सांगितलं. तिने तरी नेटाने विचारलं, साधारण महिन्याचे किती होतात? त्याने उलट विचारलं, "कुठल्या महिन्याचे?" पौषात कामाला जोर, पावसात बसून, दिवाळीला गावाला.

प्रश्न ९ : कुटुंबाचं एकूण वार्षिक उत्पन्न. इथे बायका उठून चालू लागल्या. कारण कळायला अर्धा तास लागला. लाडकी बहीण. योजनेला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अडीच लाखांची अट आहे, सध्या छाननीच्या बातम्या आहेत, आणि सकाळी सकाळी कागद घेऊन आलेली पोरगी उत्पन्न विचारते. तिला कोण सांगेल? एकीने पनवेलचीला बजावलं, "बाई, माझे पंधराशे बंद झाले तर तुझ्या घरी येईन." पनवेलचीने घाबरून तिला आपल्या घराचा पत्ता सांगून टाकला. हे पुन्हा करायचं नाही, असं तिला सांगितलं. पण त्यानंतर त्या बाईने सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, हेही खरं.

प्रश्न १४ : तुमचा मालक कोण? लोक हसले.

सही किंवा अंगठा मागितला तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. अंगठ्याला सगळे बिचकतात. अंगठा देऊन काय काय गेलं याच्या गोष्टी प्रत्येकाकडे आहेत. तोंडी संमती घ्यायची आणि ती घेतल्याची नोंद मुलाने स्वतःच्या सहीने करायची.

२१ मे, बुधवार

नवी प्रश्नावली. एक पान, ११ प्रश्न. उत्पन्न काढलं. त्याऐवजी कालपासून मागे जात सात दिवस : त्या दिवशी नाक्यावर आलात का, काम लागलं का, काय काम, किती रोज ठरला, हातात किती आला, कोणासोबत गेलात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणातही रोजगाराची चालू स्थिती मागच्या सात दिवसांवरूनच ठरवतात. माणसाला आठवडा आठवतो, वर्ष आठवत नाही.

"कोणासोबत गेलात" हा प्रश्न घणसोलीच्याचा. टोळी शोधतोय अजून. त्याला टोळी नाही सापडली, जोडी सापडली. गवंडी आपला बिगारी सोबत ठेवतो, एक लागला की दोघं जातात. नवराबायकोच्याही जोड्या. हा प्रश्न माझ्या २६ प्रश्नांत नव्हता.

प्रत्येकाने दिवसाला आठ फॉर्म भरायचे, असं मी आज फळ्यावर लिहिलं.

२३ मे, शुक्रवार

ऊन. पाणी, टोपी, ग्लुकोज. ऐरोलीचीला चक्कर आली, चहाच्या टपरीवरच्या बाकावर झोपवलं. तिच्या आईचा फोन, दहा मिनिटं ऐकून घेतला.

२६ मे, सोमवार

आज मान्सून मुंबईत आला. नेहमीची तारीख ११ जून. २६ मे म्हणजे गेल्या ७५ वर्षांतलं सर्वांत लवकरचं आगमन, असं हवामान खातं म्हणतं. माझं सगळं वेळापत्रक १० जूनच्या आधी फील्ड संपेल या हिशेबावर बसवलेलं. लोकल रडतखडत. मुलांना सकाळी सहालाच येऊ नका म्हणून कळवलं, मी एकटी गेले.

नाक्यावर माणसं होती. पत्र्याखाली, दुकानांच्या पायऱ्यांवर. कामाला नेणारा कोणी नव्हता. एक म्हातारा गवंडी म्हणाला, "आज तसंही कोण येणार, दुपारी अमावस्या लागते." मी ते नुसतं ऐकलं. डायरीत लिहिलंही नाही. आज, तीन आठवड्यांनी, मागे वळून ही ओळ घालते आहे, कारण मुलांना रोज सांगते की ऐकलं ते लिहा.

२९ मे, गुरुवार

नाका अर्धा. पाऊस लवकर आला म्हणून मराठवाड्यातले लोक पेरणीला गावाकडे निघालेत. आमचा नमुना एसटीत बसून चालला आहे.

२ जून, सोमवार

आज फॉर्म तपासत होते. एकूण ९०च्या वर झालेत. दिव्याचीच्या गठ्ठ्याशी थांबले. बारा फॉर्म, दोन दिवसांचे, सगळे पूर्ण, एकही रकाना रिकामा नाही. अक्षर सुबक. आणि वयं : ३४, २७, ४१, ३८, ५२, २९, ३३...

बाकीच्यांचे फॉर्म काढले. ३०, ३५, ४०, ४०, ४५, ५०, ३०, "चाळीस असेल", "पन्नास लिहा". ज्यांची जन्मतारीख घरी कुणी लिहून ठेवली नाही ते आपलं वय पाचाच्या आणि दहाच्या पटीत सांगतात. जनगणनेत हा दोष मोजायला व्हिपलचा निर्देशांक वापरतात : २३ ते ६२ वयोगटात शून्य आणि पाचवर संपणारी वयं किती याचं प्रमाण. १०० म्हणजे दोष नाही, ५०० म्हणजे सगळेच शून्य-पाचवर. नाक्यावरचे खरे फॉर्म या दोषाने भरलेले असतात. दिव्याचीच्या बारांत शून्यावर किंवा पाचवर संपणारं एकही वय नव्हतं. फॉर्म खोटे आहेत हे त्यांच्या नीटनेटकेपणावरून कळलं.

पहिली भावना रागाची. दुसरी, लिहायला बरं वाटत नाही, पण पकडल्याच्या आनंदाची.

३ जून, मंगळवार

तिला एकटीला बोलावलं. वयांचा कागद समोर ठेवला, काही बोलले नाही. दोन मिनिटांत रडू फुटलं. हे सगळं तिने परतीच्या लोकलमध्ये भरलं. कारण विचारलं.

मागच्या आठवड्यात गर्दी कमी झाली तशी उरलेली काही पोरं तिला टोमणे मारायला लागली. "मॅडम, आमचं लग्न झालंय का तेही विचारा ना." ती बायकांकडे गेली, तर बायकांनी पाठ फिरवली. दोन दिवसांत तिला एकही पूर्ण मुलाखत मिळाली नाही. आणि फळ्यावर आठ लिहिलेले.

"मला सांगायचं होतंस."

"मॅडम, बाकी सगळ्यांचे आठ होत होते."

बाकी सगळ्यांचे होत नव्हते. कळव्याचा चारवर थांबायचा आणि बिनदिक्कत चारच द्यायचा. पण तो मुलगा आहे, आणि त्याला नाक्यावर कोणी लग्नाचं विचारत नाही. आठचा आकडा मी कुठून आणला? अनुदानाच्या अर्जात एकूण फॉर्म लिहिले होते, त्याला पाच मुलं आणि दिवसांनी भागलं. नाक्याशी त्याचा काही संबंध नव्हता. मुलीने आकडे रचले, आणि ते रचायला लावणारा आकडा मीही रचलेलाच होता.

ठरलं ते असं. बारा फॉर्म बाद, पण फाडायचे नाहीत, वेगळ्या पाकिटात. आठ पुसला. यापुढे प्रत्येकाने न झालेल्या मुलाखतींचीही चिठ्ठी भरायची : कुणाला विचारलं, काय म्हणाला, कधी उठून गेला. मुली नाक्यावर जोडीनेच जातील. टोमणे मारणाऱ्यांशी मी स्वतः बोलायला गेले, तर त्यातला एक ओशाळून म्हणाला, "टाइमपास हो, काम नाही तर काय करायचं." त्याची मुलाखत दिव्याचीनेच घेतली, ऐरोलीची सोबत. वय : तीस.

५ जून, गुरुवार

न झालेल्या मुलाखतींच्या चिठ्ठ्या दोनच दिवसांत फॉर्मपेक्षा जास्त झाल्या, आणि जास्त कामाच्याही. त्यांत सर्वांत जास्त वेळा आलेलं कारण : "बोलता बोलता काम लागलं, गेला."

कळव्याच्याने आज ते मांडलं. "मॅडम, आपले पूर्ण फॉर्म कुणाचे आहेत? ज्यांना त्या दिवशी काम लागलं नाही त्यांचे. ज्यांना लागलं त्यांना विचारतंय कोण?"

बरोबर आहे. साडेदहाला उरलेल्यांना विचारून नाक्यावर काम मिळत नाही असा निष्कर्ष काढणं म्हणजे दवाखान्यात बसून गावात सगळे आजारी असतात म्हणण्यासारखं. वर दुसरा दोष. आठवड्यात सहा दिवस नाक्यावर येणारा आम्हाला भेटण्याची शक्यता तीन दिवस येणाऱ्याच्या दुप्पट. हा दोष सुधारता येतो, सात दिवसांचा प्रश्न आहेच, त्यावरून उलट भार द्यायचा, म्हणजे जास्त दिवस येणाऱ्याचं उत्तर हिशेबात तितकं कमी धरायचं. पनवेलचीने एक्सेलमध्ये बसवून दाखवलं. पण पहिल्या दोषाला भार देऊन उपयोग नाही. जो फॉर्ममध्ये आलाच नाही त्याला कितीने गुणणार?

पर्याय निघाले. सकाळी रंगीत चिठ्ठी द्यायची आणि संध्याकाळी वस्तीत गाठायचं. पण मुलींनी आठपर्यंत घरी पोचायचं आहे आणि कामगार वस्तीत पोचतो सातला. रविवारी जायचं? नाका रविवारीही भरतो. फोन नंबर घ्यायचे? नको, ते आमच्याकडे असूच नयेत. एक वाजेपर्यंत भांडलो, वडापाव खाल्ले, काही ठरलं नाही.

९ जून, सोमवार

सकाळी मुंब्र्याजवळ दोन लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले. चार जण गेले. दिव्याची आणि कळव्याचा दोघंही त्याच मार्गावरचे. कळव्याचा लगेच लागला, दिव्याचीचा फोन पावणेअकरापर्यंत लागत नव्हता. ती दिव्यालाच फलाटावर अडकली होती. आज काही काम केलं नाही. घरी जाऊ द्या म्हटलं, तर जायलाही गाडीच होती. संध्याकाळपर्यंत ऑफिसात बसले, पाचला मी ठाण्यापर्यंत सोबत गेले.

त्या दोघांचे तास आजपासून अकरा ते चार.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. बायका कमी. ऐरोलीचीच्या डायरीतून : "८.२०, टपरीच्या उजवीकडे, साधारण चार फूट. दोन बायका. एकीच्या हातात वडाची फांदी. दुसरी म्हणाली, उपास धरला तर घमेलं उचलवत नाही, म्हणून धरला नाही." विशेषण एकही नाही.

१३ जून, शुक्रवार

अमावस्या! घणसोलीचा सकाळी धावत आला. एका गवंड्याने सांगितलं, अमावस्येला आमच्यात कोणी पाड (परांची) बांधत नाही, की नवं काम धरत नाही. म्हणजे ज्याला रोज काम लागतं तोही अमावस्येला घरी. २६ मेच्या म्हाताऱ्याचं वाक्य मला तेव्हा आठवलं.

पंचांग काढलं. पुढची अमावस्या २५ जून, बुधवार. इंटर्नशिप संपायच्या आत, आणि दिवसाढवळ्या. नमुना निवडीच्या पुस्तकांत चंद्रकलेचा धडा नाही. मुलं खुश. त्याची किंमतही लगेच लिहून घेतली : उत्तर प्रदेश, बिहारचे रंगारी आणि लादीवाले ही सुट्टी पाळत नाहीत असं तोच गवंडी म्हणाला, म्हणजे ते सुटणार.

१६ ते २० जून

एक्सेल. कोडिंग. चहा. भांडण एकच, "काम लागलं पण पैसे नाही मिळाले" हे "काम" धरायचं की नाही यावर. वेगळा रकाना केला.

२५ जून, बुधवार

वस्ती, एमआयडीसीच्या कडेची. नाव लिहीत नाही. पाऊस उघडलेला. दहाला पोचलो. पुरुष ओट्यावर, कुणी थापीचा दांडा बसवतोय, कुणी पोराची दप्तराची चेन. अमावस्येने शब्द पाळला. चार तासांत दोघादोघांनी मिळून केलेल्या मुलाखती नाक्यावरच्या कुठल्याही आठवड्यापेक्षा सावकाश आणि लांब झाल्या.

आणि मग ते निघालं ज्यावर अहवाल उभा राहणार आहे. ज्यांना जास्त काम लागतं ते नाक्यावर फारसे येतच नाहीत. ठेकेदाराचा आदल्या रात्री फोन येतो, सकाळी ते परस्पर साइटवर. नाका त्यांनी सोडलेला नाही, फोन आला नाही की येतात. एक गवंडी म्हणाला, "नाक्यावर रोज दिसतो तो नवा, नाहीतर म्हातारा, नाहीतर बाई." शेजारी त्याची बायको भांडी घासत होती. ती रोज नाक्यावर जाते. तिला कुणी रात्री फोन करत नाही. दिव्याचीने तिला विचारलं, का नाही करत? "फोन त्यांच्याकडे असतो ना," ती म्हणाली, नवऱ्याकडे बघत. घरात एकच फोन.

मी बाजूला बसून होते. दिव्याचीने उपप्रश्न विचारला नाही, थांबली. त्या बाईने मग स्वतःहून पुढचं सांगितलं : जोडीने काम लागतं तेव्हा तिचा रोजही त्याच्याच हातात देतात. महिन्यापूर्वी ही मुलगी अशा ठिकाणी "बिचारी" लिहून मोकळी झाली असती.

नोंदणीबद्दलही. कार्ड असलेले निघाले, काहींनी ते करून देणाऱ्या माणसाला पैसे दिले होते. ९० दिवसांचा दाखला कुणाचा, असं कळव्याच्याने विचारलं. एकाने कार्ड दाखवलं आणि म्हणाला, ज्याच्या सहीचा दाखला आहे त्या ठेकेदाराला मी कधी पाहिलेला नाही. पहिल्या दिवशीच्या प्रश्नाचं एक उत्तर हे.

निघताना एका आजीने चहा केला. पाच मुलं आणि मी, सहा कप, दुधाचा. पैसे देऊ केले ते घेतले नाहीत. पनवेलचीला प्रश्न पडला, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

३० जून, सोमवार

मसुदे आले. कळव्याच्याचा सर्वांत चांगला आणि सर्वांत अर्धवट. घणसोलीच्याने आपलं "एकी नाही" कापून तिथे माथाडी आणि नाका अशी दोन पानं लिहिली आहेत, त्यात पनवेलचीचं गेट, तिचं श्रेय देऊन. शेवटी मात्र "शासनाने त्वरित पावले उचलावीत" आलंच. कोणती पावलं, कुणी, कुठल्या कलमाखाली, असं समासात लिहून परत दिलं.

जेवताना ऐरोलीची म्हणाली, "मॅडम, आम्ही नाक्यावर नुसते उभे राहिलो ते तासही क्रेडिटमध्ये धरलेत ना?" धरलेत म्हटलं. पुढे ती काही बोलली नाही, पण सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

४ जुलै, शुक्रवार

सह्या. सगळ्यांचे १२०च्या वर, कळव्याच्याचे १४१. फॉर्ममध्ये १२०च लिहायचे, जास्तीला रकाना नाही.

दिव्याचीने पद्धतीच्या प्रकरणात एक परिच्छेद घातला आहे : "सुरुवातीचे बारा फॉर्म मी स्वतः रचलेले होते. ते मी परतीच्या लोकलमध्ये भरले. विश्लेषणात ते घेतलेले नाहीत." त्याखाली वयांची तुलना, माझ्या कागदापेक्षा नेटकी.

दुपारी तिच्या कॉलेजातून मार्गदर्शकांचा मला फोन. हे काढायला सांगा, गुण जातील, कॉलेजचंही बरं दिसत नाही. मी म्हटलं, अहवाल तिचा आहे, तिला विचारा. त्यांनी विचारलंही. मी काही बोलायचं नाही असं ठरवून बसले होते. काढला असता तर मी सही केली असती का, याचं उत्तर मला द्यावं लागलं नाही.

साडेचारला ती शेवटची प्रत घेऊन आली. परिच्छेद होता. एक दुरुस्ती मात्र केली होती. "परतीच्या लोकलमध्ये" खोडून तिथे "२९ आणि ३० मे रोजी दुपारी, कोपरखैरणे ते दिवा या प्रवासात, ठाण्याला गाडी बदलण्याचा वेळ वगळून" असं लिहिलं होतं.

"जागा आणि वेळ नेमकी पाहिजे ना, मॅडम," म्हणाली.